पाचपोच

डोहवलीचं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्ह्यात पहिलं आलं, त्या दिवशी तिथले डॉक्टर जागेवर नव्हते. आदल्या दिवशीही नव्हते. खरं सांगायचं तर गेल्या पावसाळ्यापासून तिथे डॉक्टर नेमलेलाच नव्हता. एक सिस्टर, एक औषधांचं कपाट आणि दारावर बसवलेली तळहाताएवढी 'पोच', एवढ्या भांडवलावर धरणाच्या पाण्यापलीकडच्या या गावाने जिल्ह्यातली सगळी केंद्रं मागे टाकली होती.

साताऱ्याच्या कचेरीत आनंदीआनंद झाला. डॉक्टर नसतानाही पहिला नंबर, म्हणजे बाकीची सेवा किती उत्तम असेल, असा तर्क लढवून वरच्या मंडळींनी त्याला 'डोहवली पॅटर्न' असं नावही देऊन टाकलं. आपल्याकडे एखाद्या गोष्टीला पॅटर्न म्हटलं की मग तिच्याबद्दल शंका घ्यायची सोय उरत नाही. मुंबईहून अभिनंदनाचे फोन आले. हा पॅटर्न राज्यभर न्यायचा, म्हणजे आणखी कुठल्या कुठल्या डॉक्टरांच्या जागा भरल्या नाहीत तरी चालेल, याची चाचपणीही सुरू झाली.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो हर्षदा संकपाळला. ती कचेरीच्या मापन कक्षात संख्याशास्त्रज्ञ होती. कुठल्या केंद्रात मुलांना कशी सेवा मिळते, ती कितपत पोचते, हे मोजायचं आणि गुण द्यायचे, हे तिचं काम. शिवाय तिची धाकटी बहीण धनश्री डोहवलीतच दिलेली. बहिणीच्या गावाने पहिला नंबर काढला म्हणून तिला मूठभर मांस चढलं होतं.

आता ही 'पोच' काय भानगड होती ते सांगायला हवं.

पूर्वी दवाखाना चांगला की वाईट हे ठरवायला प्रश्न विचारणारी माणसं पाठवत. "सेवा कशी आहे?" "चांगली हाय." "औषधं मिळतात?" "मिळत्यात की." परगावच्या माणसासमोर आपल्याच दवाखान्याची लक्तरं वेशीवर कोण टांगणार? उद्या पोर आजारी पडलं तर त्याच सिस्टरचं तोंड बघायचं असतं. त्यामुळे सगळं राज्य कागदावर कायम चांगलंच असायचं आणि मुलं मात्र आजारी पडायची ती पडायचीच.

म्हणून पुण्याच्या एका संस्थेने 'पोच' तयार केली. ती काही विचारत नसे. ती ऐकत असे. दारात मूल आलं की त्याचं रडणं, खोकला, श्वासाची घरघर ती टिपायची. न्यूमोनियाचा खोकला आणि साध्या पडशाचा खोकला यांच्या आवाजात सूक्ष्म फरक असतो. माणसाचा कान तिथे फसू शकतो, पण शिकवलेलं यंत्र सहसा फसत नाही. मग त्या घरच्यांना किती थांबावं लागलं, त्यांच्याशी कोण काय बोललं, मूल किती रडलं आणि निघताना आईबापांनी कुठल्या शब्दांत निरोप घेतला, हेही ती ऐकायची. आवाज साठवायचा नाही, नावगाव ठेवायचं नाही, बोलण्याचे शब्द आणि त्यांचा अर्थ तेवढा ठेवायचा, असा तिचा दंडक होता. त्यामुळे लोकही तिला बिचकत नसत.

यातल्या कशाला किती वजन द्यायचं, हे माणसांनी ठरवलं नव्हतं. देशोदेशींच्या दवाखान्यांतली असंख्य संभाषणं यंत्राला ऐकवली होती आणि त्या त्या घरातलं मूल पुढे वर्षभर कसं राहिलं तेही सांगितलं होतं. दोन्हींची सांगड घालून यंत्र आपलं आपण शिकलं होतं. शिकता शिकता त्याने एक गंमत शोधून काढली. मुलाच्या तब्येतीचा सगळ्यात भरवशाचा अंदाज निरोपाच्या वाक्यावरून येतो. निघताना आई 'मी परत येईन' म्हणाली, तर तिथल्या माणसांवर तिचा विश्वास बसला आहे, ती खरंच परत येते आणि तिचं मूल सुधारतं. जी मुकाट्याने निघून जाते तिचं मूल मागे पडतं. कितीतरी भाषांमध्ये हे खरं ठरलं होतं.

हर्षदाला या यंत्राचा हाच गुण फार आवडायचा. औषधांच्या गोळ्या कुणीही मोजेल. पण माणसाचा विश्वास मोजणारं यंत्र म्हणजे कमालच, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

आणि गुण नुसते मिरवण्यासाठी नव्हते. धरणाच्या पाण्यावर एक पांढरी लाँच फिरायची, तरंगता बालदवाखाना. तिच्यात मुलांच्या डॉक्टर होत्या, ऑक्सिजन होता आणि एक श्वासगादी होती. बाळाला त्या गादीवर नुसतं निजवलं की त्याची छाती कशी वरखाली होते यावरून फुप्फुसांचा सगळा नकाशा समोर उमटायचा. सुई नाही, नळी नाही, रडारड नाही. अशी लाँच सगळ्या जिल्ह्याला मिळून एकच. जिथे गुण कमी तिथे लाँच, असा नियम होता. हर्षदानेच त्याचा मसुदा केला होता. आता डोहवली पहिली आली, तेव्हा लाँच तिथून काढून दुसऱ्या धरणावर न्यायची, हे ओघानेच आलं.

त्याच आठवड्यात धनश्री साताऱ्याला आली. न कळवता आली. काखेत लेक ओवी, खांद्याला पिशवी, आणि घाटाच्या वळणांनी चेहरा उतरलेला. ओवी दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. तिची फुप्फुसं नाजूक होती. जरा गारवा लागला की छातीतून शीळ वाजायची. पावसाळ्यात तिचं दुखणं ओळखलं ते लाँचवरच्या त्या गादीने, आणि तेव्हापासून लाँचवरच तिचे उपचार चालू होते.

चहाचा कप हातात घेतला तरी धनश्री तो तोंडाला लावेना.

"ताई, लाँच हलवताय म्हनं आमची."

"हलवत नाही गं. जिथे जास्त गरज आहे तिकडे पाठवतोय."

"आन् आमची गरज?"

"धना, तुमचं केंद्र जिल्ह्यात पहिलं आलंय! तुला आनंद नाही झाला?"

"पहिलं?" धनश्री तिच्याकडे बघतच राहिली. "कुनी ठरवलं? तिथं डाक्टर न्हाई, काई न्हाई. ओवीला घिऊन मी किती बारी गेले. सिस्टर बिचाऱ्या चांगल्या हायेत, पर त्या एकल्या काय करनार? दारातनंच सांगतात, डाक्टर न्हाईत, बुधवारी बघा. बुधवारी गेलं की म्हनत्यात, फुडच्या बुधवारी बघा. सगळ्या बायकांची हीच गत."

"असं असतं तर पोचला कळलं असतं. ती दारातच आहे. सगळं ऐकते."

"मग काय ऐकलं तिनं?"

"तिच्या म्हणण्याप्रमाणे तिथून सगळ्या बायका समाधानाने परत जातात."

"समाधानानं!" धनश्रीने कप खाली ठेवला. "ताई, लाँच गेली तर माज्या पोरीनं कुटं जायाचं? घरघर लागली की तिचं वठ निळं पडत्यात. वारं सुटलं की ये-जा करायची गावची लाँच बी सुटत न्हाई. जरा नीट बघ की तुज्या त्या यंत्रात."

खरं तर एवढ्यावर हर्षदाने 'बघते' म्हणायला हवं होतं. बघायला काय जात होतं? पण ज्या यंत्राचे गोडवे ती गावभर गात होती, त्याच्यावर घरातल्याच माणसाने बोट ठेवलं, हे तिला झोंबलं. शिवाय मनात दुसरी भीती होती. लोक म्हणतील, भाचीसाठी गुण फिरवले.

"तुझी मुलगी आहे म्हणून मी आकडे बदलू का?"

"बदल कुटं म्हनले मी? नीट बघ म्हनले."

"आकडे खोटं बोलत नाहीत, धना."

"मग मी बोलते व्हय खोटं?"

"तू आई आहेस. आईला आपल्या मुलापलीकडे काही दिसत नाही."

बोलून झाल्यावर हर्षदाला आपलीच जीभ चावावीशी वाटली, पण शब्द निघून गेला होता. धनश्रीने ओवीचं टोपडं नीट बांधलं, पिशवी उचलली, चपला पायांत सरकवल्या. दारात क्षणभर थांबली.

"बरं. येते मी," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या शब्दांत इतका गारठा होता की हर्षदाला दाराकडे जायचंही धाडस झालं नाही. ही आता या घराची पायरी चढत नाही, हे तिला स्वच्छ कळलं. सख्खी बहीण तुटली. ती मटकन खुर्चीत बसली आणि रडवेल्या आवाजात स्वतःशीच पुटपुटली, "आता कसली येतेय ही!"

आणि तशीच ताडकन उभी राहिली.

येते म्हणाली होती, आणि येणार नव्हती. येते म्हणाली होती, कारण मराठी माणूस दुसरं काही म्हणूच शकत नाही. जाते म्हणणं अशुभ. लहानपणापासून जीभ अशी वळवलेली असते की भांडून निघालेला माणूसही येतो म्हणूनच निघतो. मग डोहवलीच्या दारातून रिकाम्या हाताने परत फिरलेली बाई काय म्हणत असेल?

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच हर्षदा दारात हजर होती. तिने डोहवलीची संभाषणं काढली. शब्द होते, आवाज नव्हते, पण तिला ते ऐकू यायला लागले.

डॉक्टर आहेत का? न्हाईत, बुधवारी बघा. बरं, येते.

पोराला ताप हाय, डाक्टर आलेत का? न्हाई हो बाई. बरं, येते मग.

पानामागून पान हेच. आणि प्रत्येक संभाषणाखाली यंत्राचा निर्वाळा: थांबावं लागलं नाही. मूल रडलं नाही. पुन्हा येण्याचा निश्चय पक्का. थांबावं कसं लागेल? दारातूनच परत पाठवत होते. मूल रडेल कशाला? त्याला कुणी सुई टोचली नाही, कुणी हातसुद्धा लावला नाही. ज्याला खरंच तपासलं जायचं त्या पोराची आई खोळंबून बसायची, पोर भोकाड पसरायचं आणि निघताना औषध जेवणाआधी की नंतर हे विचारण्याच्या नादात बाई निरोप घ्यायलाही विसरायची. म्हणजे जितकी सेवा कमी तितके गुण जास्त! हर्षदाला हसावं की रडावं कळेना. तिने थोडं थोडं दोन्ही केलं.

मापन कक्षाचे प्रमुख डॉ. फिरोज मुजावर आले तेव्हा ती त्यांच्याच टेबलापाशी उभी होती. मुजावर मोजकं बोलणारे, चष्मा कपाळावर चढवून तो शोधणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण पुण्यात चाचणी झाली होती," ते म्हणाले. "तिथे कसं बरोबर आलं?"

"शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत झाली, सर. तिथे लोक निघताना थँक्यू डॉक्टर म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. हा शब्द आला तो खेड्यांत. आणि यंत्राने त्याचा कोशातला अर्थ घेतला."

"आणि आपल्यापैकी कुणाच्या कानाला तो खटकला नाही."

"आपल्याला तो ऐकूच येत नाही, सर. आपण त्यातच वाढलो."

मुजावर खिडकीशी जाऊन उभे राहिले. "मयताच्या घरातून निघताना तेवढं आपण येतो म्हणत नाही. म्हणजे या यंत्राच्या हिशेबात आपल्याकडे फक्त तिथली सेवा वाईट." मग ते मान हलवत म्हणाले, "पोच नाव ठेवलं, पण पाचपोच द्यायची राहिली."

हर्षदाला वाटलं, झालं, आता सर सही करतील आणि लाँच वाचेल. पण मुजावर वळले ते गंभीर चेहऱ्याने.

"तुमची बहीण डोहवलीत आहे ना?"

"हो सर."

"मग डोहवली बाजूला ठेवा. उद्या बैठकीत पहिला प्रश्न तोच येईल आणि तो योग्यच असेल. जिथे तुमचं कुणी नाही, अशा ठिकाणी हे सिद्ध करून दाखवा. आणि निकाल बघायच्या आधी काय दिसणार ते मला लिहून द्या. नंतर सगळेच शहाणे असतात."

हर्षदाचा चेहरा पडला, कारण दिवस थोडे होते; लाँच हलवण्याचा हुकूम निघायच्या बेतात होता. पण सरांचं खरं होतं. तिने डोहवलीसह धरणाकाठची सगळी गावं वगळली आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडचा कोरडा पट्टा घेतला. तिथल्या एकाही गावात तिचं नात्यागोत्याचं कुणी नव्हतं. तिचा अंदाज साधा होता. दारात आल्या आल्या, मुलाला कुणी हात लावायच्या आत जिथे 'येते' ऐकू येतं, तिथली मुलं वजनाला मागे असणार. अंगणवाड्यांमध्ये मुलांची वजनं होतच असतात, ती पोचला कधी दाखवलेली नव्हती. तेव्हा ती साक्ष त्रयस्थ. तिने सगळ्यात वाईट कुठली केंद्रं निघतील त्यांची नावं लिहिली, पाकिटात घालून मुजावरांच्या हाती दिली आणि मगच वजनं मागवली.

त्या दिवसांत तिने धनश्रीला कितीदा फोन लावला. धनश्रीने उचलला नाही. घास गोड लागेना. आपला अंदाज चुकावा, असंही एकदा तिच्या मनात आलं, कारण तो बरोबर आला तर आपण बहिणीला जे बोललो ते किती भयंकर ठरेल! पण दुसऱ्याच क्षणी ओवीचे ओठ डोळ्यांसमोर यायचे आणि ती पुन्हा कामाला लागायची.

वजनं आली. मुजावरांनी पाकीट फोडलं, नावं वाचत गेले आणि एकेका नावासमोर बोट ठेवत गेले. शेवटच्या नावावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"सगळी?" हर्षदाने विचारलं.

"सगळी," ते म्हणाले. आणि ज्या माणसाला कचेरीत कुणी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, त्याने टेबलावर अशी थाप मारली की शिपाई धावत आत आला.

पण खरी लढाई पुढेच होती. मुंबईहून खात्याचे सचिव राजाध्यक्ष आले होते ते डोहवली पॅटर्नच्या गौरवासाठी. समारंभाची तारीख ठरलेली, भाषण छापून झालेलं. सभागृहात हर्षदाने आपलं म्हणणं मांडलं. उदाहरणं ऐकवता यावीत म्हणून एक पोच टेबलावर चालू करून ठेवली होती आणि तिचा निर्वाळा मागच्या पडद्यावर दिसत होता. राजाध्यक्ष साहेबांनी पहिल्या पाचेक मिनिटांतच घड्याळ बघायला सुरुवात केली.

"म्हणजे एका शब्दासाठी आख्खी यंत्रणा मोडीत काढायची?"

"मोडीत नाही, सर. त्या शब्दाचा अर्थ तेवढा तिला शिकवायचा. बाई नुसतं येते म्हणाली म्हणून गुण द्यायचे नाहीत. मुलाला कुणी तपासलं का आणि ती खरंच परत आली का, हे त्याच्याशी ताडून बघायचं."

"आणि तुमची बहीण तिथेच राहते, असं मला सांगण्यात आलंय."

"हो. म्हणूनच डोहवली वगळून पडताळलंय," हर्षदा म्हणाली. मुजावरांनी पाकीट पुढे सरकवलं.

साहेबांनी ते उघडलंही नाही. "हे बघा, बाई. माणसं मूर्ख नसतात. ज्याला सेवा मिळाली नाही तो तसं म्हणेल. समाधान झालं नाही तर माणूस रागाने निघून जाईल, गोड बोलून कशाला जाईल? तुमचं निवेदन पाठवून द्या, बघू." ते उठले, त्यांनी फाइल स्वीय सहायकाच्या हातात दिली. "मला पुढची मीटिंग आहे. चला, येतो मी."

"सर," हर्षदा म्हणाली, "परत कधी येणार?"

"परत?" साहेब वैतागले. "परत कशाला येऊ? विषय संपला."

"मग पडद्यावर एकदा बघता का, सर?"

साहेब वळले. पडद्यावर पोचने इमानेइतबारे लिहिलं होतं: थांबावं लागलं नाही. रडारड नाही. पुन्हा येण्याचा निश्चय पक्का. या बैठकीला उत्तम गुण.

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं. मग कुणाला आवरेना. साहेबांच्या स्वीय सहायकाने फाइल तोंडासमोर धरली, पण त्याचे खांदे गदगदत होते. राजाध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते.

"मी येतो म्हणालो?"

"हो सर."

"पण मी तर निघालो होतो."

"त्या बायकाही निघाल्याच होत्या, सर," हर्षदा म्हणाली. "आजारी पोर काखेत घेऊन."

राजाध्यक्ष परत आले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मुजावरांचं पाकीट स्वतःकडे घेतलं. त्यातली नावं आणि वजनं ते सावकाश वाचत राहिले. पुढच्या मीटिंगला त्यांनी येत नाही म्हणून कळवलं. माणूस हट्टी होता, पण अप्रामाणिक नव्हता. आणि एकदा डोळे उघडल्यावर त्याने ते पुन्हा मिटले नाहीत. समारंभ रद्द झाला. सगळ्या जिल्ह्याचे गुण नव्याने काढायचे ठरले. लाँच जागेवरून हलणार नाही आणि दुसऱ्या धरणासाठी दुसरी लाँच मागायची, हेही तिथेच ठरलं. उदाहरणं संपल्यावरही टेबलावरची पोच हर्षदाने मुद्दाम चालू ठेवली की ती बंद करायला विसरली, असं विचारलं तर ती योगायोग म्हणते. मुजावरांचा अजून त्यावर विश्वास नाही.

नवे गुण लागले. डोहवली जिल्ह्यात शेवटची आली.

पांढऱ्या लाँचवर बसून हर्षदा डोहवलीला निघाली. पहिल्या नंबरावरून शेवटच्या नंबरावर आणलेल्या गावात जायचं म्हणजे काही थोडंथोडकं धाडस नव्हे. आणि धनश्रीने फोन अजून उचललेला नव्हता. शेजारी एक तरुण डॉक्टर बसली होती, स्नेहल वाघचौरे. पायांशी बॅग, मांडीवर स्टोव्हचं खोकं. डोहवलीच्या रिकाम्या जागेवर तिची नेमणूक झाली होती.

धक्का जवळ आला तसा ढोलाचा आवाज कानावर पडला. काठावर ही गर्दी! बायका, पोरं, म्हातारी माणसं, आणि पुढे सरपंच ताराबाई मोरे, हातात कंदी पेढ्यांचा पुडा.

"हे काय?" डॉक्टर वाघचौरेंनी घाबरून विचारलं. "आज काही सण आहे का?"

लाँच टेकताच ताराबाईंनी तिच्या हातावर पेढा ठेवला. "घ्या डाक्टर! आमचा शेवटचा नंबर आला!"

"शेवटचा? आणि पेढे?"

"मग! पैल्या नंबरात डाक्टर न्हाई मिळाला, शेवटच्यात मिळाला की!"

ढोल पुन्हा कडाडला. शेजारच्या वाडीतला एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत हर्षदाकडे आला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "म्याडम, आमचा शेवटनं दुसरा कसा काय आला? आमच्याकडं तर औषधाचं कपाट बी न्हाई. परत मोजा." हर्षदाने परत मोजायचं कबूल केलं तेव्हाच त्याने वाट सोडली.

या सगळ्या गोंधळात तिची नजर धनश्रीला शोधत होती. ती काठावर कुठेच नव्हती. तेवढ्यात लाँचच्या आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, मोकळा, दणदणीत. ती मागे वळून आत शिरली.

धनश्री गर्दीत न थांबता मागच्या फळीवरून आधीच आत आली होती. ओवी श्वासगादीवर पाय झाडत होती, आणि लाँचच्या मुलांच्या डॉक्टर भिंतीवर उमटलेली चित्रं बघत होत्या. पावसाळ्यात जिथे दोन्ही बाजूंना काळे डाग होते, तिथे आता फिकट निळा रंग एकसारखा वरखाली होत होता.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "फुप्फुसं मोकळी झालीयेत. आता दर आठवड्याला आणायची गरज नाही. महिन्यातून एकदा पुरे. आणि मधे काही वाटलंच तर इथे डॉक्टर आहेतच आता."

धनश्रीने ओवीला उचलून छातीशी धरलं. बराच वेळ ती तिच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. हर्षदा दारातच होती. पुढे व्हावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

"धना, मी चुकले," ती शेवटी म्हणाली. "त्या दिवशी तू बरोबर होतीस."

धनश्रीने मान वर केली. डोळे लाल होते, पण त्यांत राग नव्हता.

"आमचा नंबर शेवटचाच हाय ना, ताई? लाँच ऱ्हावी म्हनून तू खाली तर न्हाई ना वडलास?"

"नाही गं. खराच शेवटचा आहे."

"मग झालं तर," असं म्हणून तिने ओवीला हर्षदाच्या कडेवर दिलं, पदराआड ठेवलेला पेढा काढला आणि बहिणीच्या तोंडात कोंबला. हर्षदाला एकाच वेळी रडू आणि हसू फुटलं, पेढा धड गिळताही येईना. ओवीने मावशीचा चष्मा ओढून घेतला आणि तिच्या कडेवर ती इतक्या मोठ्याने हसली की बाहेर ढोल वाजवणाराही वाकून आत बघायला लागला.